सगळेच मनी प्लँट नसतात: सारख्या दिसणाऱ्या वेली ओळखायच्या आणि सांभाळायच्या कशा

तीन वर्षांपूर्वी मी एकच वेल दोनदा विकत घेतली. आधी रस्त्यावरच्या हातगाडीवरून ऐंशी रुपयांना पोपटी पानांचा मनी प्लँट आणला. मग महिन्याभराने एका नर्सरीत ‘लेमन फिलोडेंड्रॉन’ अशी पाटी खोचलेली तशीच पोपटी वेल दिसली, साडेतीनशेची. वेगळी आहे म्हणून घेतली. घरी आणून दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या आणि आठवडाभर रोज बघत राहिले. देठ तसाच, पान तसंच, नवीन पान उलगडायची तऱ्हाही तीच. पाटी सोडली तर काहीच वेगळं नव्हतं. पैसे गेले, पण तेव्हापासून एक सवय लागली: कुठलीही वेल घेताना पानाचा रंग सगळ्यात शेवटी बघायचा.

घरात वेली लावायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे हृदयाच्या आकाराचं पान आणि लोंबणारी वेल दिसली की तिला मनी प्लँट म्हणून मोकळे होतात. ‘मनी प्लँट चोरून आणला तरच फळतो’ असं म्हणत कुणाच्या तरी जिन्यातून एक तुकडा खुडूनही आणतात. नावाने काही बिघडत नाही. बिघडतं ते सगळ्यांना एकच माप लावून पाणी घातलं की.

पहिली पायरी: घराणं ओळखा

या सगळ्या वेली अळू आणि सुरण यांच्या कुळातल्या. अँथुरियमही त्याच कुळातलं. कच्च्या अळूने घसा का खवखवतो हे ठाऊक असेल तर निम्मी ओळख झालीच. पानांत आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळू आपण चिंच घालून शिजवतो, या वेली मात्र शिजवूनही खायच्या नसतात. घरात रांगतं मूल असेल किंवा पानं चावणारी मांजर असेल तर कुंडी उंचावर टांगा. छाटणी केल्यावर हात धुवा. चीक डोळ्यांना लागला की चांगलीच आग होते.

आपला नेहमीचा मनी प्लँट म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम. मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरिया बेटावरचा. बाजारात त्याला पोथॉस म्हणतात आणि त्यामागे गमतीशीर घोळ आहे. १८८० साली त्याचं नाव पोथॉस ऑरियस असं ठेवलं गेलं. पुढे तो सिंडॅप्सस या दुसऱ्या वनस्पती-गटात गेला, १९६२ मध्ये राफिडोफोरा गटात आणि १९६४ मध्ये एपिप्रेम्नममध्ये. इतकी पळापळ झाली कारण वनस्पतीचं कूळ-गोत्र फुलावरून ठरतं आणि ही वेल फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. फूल धरायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तिच्यात नीट तयार होत नाही. शास्त्रज्ञांनी नाव बदललं, नर्सरीवाल्यांनी पहिलंच धरून ठेवलं. खरा पोथॉस बघायचा असेल तर सह्याद्रीच्या ओल्या जंगलात झाडाच्या खोडावर शोधा. त्याचं पान पपनसाच्या पानासारखं असतं, देठालाच पंख फुटल्यासारखं. मनी प्लँटशी त्याचं काही साम्य नाही.

दुसरी पायरी: देठ, पेर आणि नवीन पान बघा

नर्सरीत गेलात की कुंडी हातात घ्या आणि वेलीचा शेंडा डोळ्यांजवळ आणा. इथे घाई करू नका, सगळी ओळख याच जागी आहे.

मनी प्लँटचं नवीन पान आधीच्या पानाच्या देठातून, सुरळी केलेल्या कागदासारखं बाहेर येतं. त्याच्यावर वेगळं वेष्टन नसतं. हृदयपर्णी फिलोडेंड्रॉन ही मनी प्लँटसारखीच दिसणारी दुसरी वेल, तिचं नवीन पान पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं येतं. पान उघडलं की तो पापुद्रा काही दिवस पेरापाशी चिकटून राहतो, तपकिरी होतो, वाळून कागदासारखा गळतो. वेलीवर जागोजागी असे वाळके पापुद्रे दिसले तर डोळे झाकून फिलोडेंड्रॉन म्हणा. माझ्या साडेतीनशेच्या वेलीवर असा एकही नव्हता. बघितलंच नव्हतं, दुसरं काय.

आता देठावरून बोट फिरवा. मनी प्लँटच्या देठाला वरच्या बाजूने पन्हाळीसारखी खाच असते. फिलोडेंड्रॉनचा देठ बराचसा गोल आणि बारीक लागतो. मग पेर उलटं करून हवाई मुळं बघा. मनी प्लँटच्या पेरावर एक जाड, बुटकं, तपकिरी टेंगूळ असतं. फिलोडेंड्रॉनच्या एकेका पेरातून तीन-चार बारीक मुळं फुटलेली दिसतात. शेवटी पान. मनी प्लँटचं पान जाडसर, मेणचट, किंचित उंचसखल, आणि देठाजवळ त्याची खाच उथळ. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ, मऊ आणि देठापाशी खोल खाच, अगदी बदामाच्या पत्त्यासारखं.

तिसरी वेल म्हणजे सिंडॅप्सस पिक्टस. बाजारात सॅटिन पोथॉस किंवा सिल्व्हर मनी प्लँट म्हणून मिळते. ही आग्नेय आशियातली. पान मखमली, गडद हिरवं आणि वर चांदीचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. हिला ओळखायला कष्ट नाहीत, एकदा बोट लावलं की झालं. हिच्यात दोन प्रकार नेहमी दिसतात. अर्जिरियसचं पान लहान, ठिपके बारीक आणि सुटे. एक्झॉटिकाचं पान तळहाताएवढं आणि चांदीचे मोठाले पट्टे. सारख्याच दोन कुंड्यांत एक्झॉटिका महाग सांगतात, तेव्हा पानाचा आकार बघून घ्या.

सिंगोनियमही कधीकधी या गर्दीत येतं. लहान असताना त्याचं पान बाणाच्या टोकासारखं असतं. देठ तुटला तर पांढरा चीक गळतो. तेवढ्यावर ओळख पटते.

तिसरी पायरी: पांढऱ्या चौघी

हिरव्या-पांढऱ्या मनी प्लँटमध्ये नवखेच काय, जुनेही फसतात. चारही एकाच जातीच्या, म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियमच. फक्त रंगाची वाटणी वेगळी.

मार्बल क्वीनचं पान मोठं असतं आणि पांढरा रंग त्यावर पीठ चाळल्यासारखा सगळीकडे बारीक पसरलेला असतो. बाकीच्या बहुतेक हिच्यापासून निघाल्या. एन-जॉय आपल्या भारतातलीच, मार्बल क्वीनच्या एका रोपात आपोआप बदल होऊन मिळालेली. तिचं पान लहान असतं आणि हिरवा-पांढरा रंग कापून चिकटवल्यासारखा वेगळा दिसतो. पर्ल्स अँड जेड अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने काढली. आकाराने एन-जॉयसारखीच लहान, पण पांढऱ्या भागात हिरवे आणि राखाडी-हिरवे बारीक ठिपके असतात. एन-जॉयच्या पांढऱ्यात असे शिंतोडे जवळजवळ नसतात. या दोघींमधला फरक एवढाच, आणि विकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो माहीत नसतो. मंजुळेचं पान रुंद, कडा लाटेसारख्या दुमडलेल्या, पान कधीच सपाट पडत नाही. चौघींत मला हीच सगळ्यात लाडकी, आणि सगळ्यात हळू वाढणारीही हीच.

पोपटी रंगाचा घोळ तर सांगितलाच. पोपटी मनी प्लँटला निऑन म्हणतात आणि तशाच रंगाच्या फिलोडेंड्रॉनला लेमन लाइम. पाटी वाचू नका, पापुद्रा शोधा. फिलोडेंड्रॉनमध्ये ब्रासील नावाचा प्रकार आहे. त्याच्या गडद पानाच्या मधोमध पोपटी पट्टा जातो. तो सोन्याच्या छटेच्या साध्या मनी प्लँटच्या नावाखाली स्वस्तात मिळाला तर मुकाट्याने घेऊन या.

चौथी पायरी: रंग पाहून जागा ठरवा

आता ओळखीचा उपयोग. पांढरा भाग म्हणजे तिथे हरितद्रव्य नाही. ते पान स्वतःचं अन्न कमी बनवतं, म्हणून पांढऱ्या चौघींना उजेड जास्त लागतो. त्यांना दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलंत तर नवीन पानं हिरवी यायला लागतात किंवा वाढ थांबते. सिंडॅप्ससची चांदी मात्र वेगळ्या कारणाने दिसते. पानाच्या वरच्या सालीखाली हवेचे बारीक कप्पे असतात आणि त्यांवरून उजेड परततो. त्याखाली हिरवं शाबूत असतं. त्यामुळे ठिपके पांढरे दिसले तरी ही वेल कमी उजेडात तग धरते. साधा हिरवा मनी प्लँट आणि हिरवं फिलोडेंड्रॉन सगळ्यात सोशिक.

उजेड मोजायला यंत्र नको. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी तळहात धरा. खाली पुसट सावली पडली तर जागा चांगली. सावली कडक, रेखीव पडली तर ते थेट ऊन, तिथे पानं भाजतात. सावलीच दिसत नसेल तर तिथे फक्त हिरव्या वेली ठेवा. पूर्वेची खिडकी सगळ्यांना मानवते. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेचं ऊन पांढऱ्या पानांवर दोन दिवसांत तपकिरी चट्टे पाडतं. तिथे हिरवी जाळी बांधा किंवा कुंड्या दोन हात आत घ्या. दक्षिणेच्या खिडकीकडे थंडीत लक्ष ठेवा, त्या दिवसांत सूर्य खाली उतरतो आणि एरवी सावलीत असलेल्या कुंडीवर ऊन येतं.

एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती मागच्या ठिपकेदार पानापर्यंत छाटा. हिरवी फांदी जोरात वाढते आणि बाकीच्या वेलीला मागे टाकते. फांदी पूर्ण पांढरी निघाली तरी छाटा. दिसायला देखणी असते, पण स्वतःला पोसू शकत नाही. ही छाटणी करताना जीव खालीवर होतो, तरीही करा.

पाचवी पायरी: माती

नर्सरीतली वेल बहुतेक वेळा घट्ट लाल मातीच्या गोळ्यात येते. आणल्याबरोबर कुंडी बदलू नका. आठ-दहा दिवस घराची हवा लागू द्या, मग बदला.

मी एक भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धा भाग गांडूळखत आणि अर्धा भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे कण) घेते. पर्लाइट नसेल तर विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा लाकडी कोळशाचा चुरा चालतो. कोकोपीटची वीट भिजवून एकदोनदा पाण्यातून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा आणि मूठ उघडा. लाडू तसाच राहिला तर माती जास्त झाली. बोट लावल्यावर सुटला तर बरोबर.

कुंडीला भोक हवंच. तळाला खडे घातल्याने पाणी चांगलं वाहतं हा समज आहे. तसं होत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापर ठेवलं की पुरे. आणि कुंडी आधीच्यापेक्षा दोन बोटंच मोठी घ्या. ‘वाढेल आता’ म्हणून बादलीएवढी कुंडी दिली की ओली माती दिवसचे दिवस सुकत नाही आणि मुळं कुजतात.

सहावी पायरी: पाणी, म्हणजे जिथे सगळे चुकतात

‘आठवड्यातून किती वेळा?’ हा प्रश्नच सोडून द्या. मुंबईचा जुलै आणि नागपूरचा मे यांना एकच उत्तर कसं असेल? बोट मातीत घाला. बोटाची दोन पेरं कोरडी लागली तर पाणी द्या, ओली लागली तर उद्या बघा. दिल्यावर भोकातून पाणी निघेपर्यंत द्या आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. काही दिवसांनी कुंडी नुसती उचलून कळायला लागतं.

इथेही वेलींचे स्वभाव वेगळे. मनी प्लँट तहानला की पानं मऊ पडून खाली लोंबतात आणि पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत उभी राहतात. फिलोडेंड्रॉनची पातळ पानं लवकर सुकतात, म्हणून त्याला माझं पाणी एखादा दिवस आधीच जातं. सिंडॅप्सस पानाच्या कडा आत वळवून पन्हाळी करते. तोच तिचा इशारा. तो दिसेपर्यंत थांबलात तरी चालतं, पण उलट केलंत तर ती माफ करत नाही. माझी पहिली सिंडॅप्सस पावसाळ्यात गेली. मनी प्लँटच्या शेजारी होती म्हणून त्याच्याच हिशोबाने पाणी जात होतं. एक दिवस वेल उचलली तर खालची पेरं काळी, मऊ, आणि मुळं बोटात साल सोडत होती. दुसरी आणली ती मातीच्या साध्या कुंडीत लावली. अजून आहे.

पान पिवळं पडलं की लोक आणखी पाणी घालतात. आधी माती बघा. माती ओली आणि एकदम तीन-चार पानं पिवळी, तर मुळं गुदमरली आहेत. वेल काढा, काळी मऊ मुळं कापा आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावा. माती कोरडी आणि पानाच्या कडा तपकिरी कुरकुरीत, तर तहान. तळातलं एखादंच जुनं पान पिवळं झालं असेल तर म्हातारपण, खुडून टाका.

बोअरवेलच्या जड पाण्याने पानांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरे डाग येतात. पावसाचं पाणी बादलीत धरून घाला, नाहीतर ओल्या फडक्याने पानं पुसा. फडक्यावर किती धूळ निघते ते बघाल तर दर पंधरवड्याला पुसाल. खिडकीत कूलर लावत असाल तर त्याच्या झोताच्या समोर कुंडी ठेवू नका. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा गॅलरीतल्या वेली रात्री आत घ्या आणि पाणी निम्म्यावर आणा.

खताचं फार मनावर घेऊ नका. मार्च ते ऑक्टोबर दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं. उरलेला साखरेचा चहा आणि दुधाचं पाणी कुंडीत ओतायचं बंद करा. त्याने वेल नाही, मुंग्या पोसल्या जातात.

सातवी पायरी: लोंबवायची की चढवायची

कोकणात नारळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर चढलेला मनी प्लँट पाहिला असेल, सुपाएवढी पानं, कडांना चिरा पडलेल्या. ती वेगळी जात नाही. आपल्या खिडकीत लोंबणारी तीच ही. या वेली चढताना पान मोठं करतात आणि लोंबताना लहान ठेवतात. तुम्हाला काय हवं ते ठरवा.

चढवायची असेल तर आधार खरखरीत आणि ओलसर हवा. काथ्या गुंडाळलेली काठी सगळीकडे मिळते, पण पुण्याच्या कोरड्या हवेत ती तासाभरात सुकते आणि मुळं तिला धरत नाहीत. रोज फवारा मारणार असाल तरच घ्या, नाहीतर एखादी जुनी खरबरीत फळी चालते. वेलीची मुळं फुटणारी बाजू आधाराला टेकवा आणि सुती दोऱ्याने पेराजवळ सैल बांधा. देठ बांधू नका, पानाला उजेडाकडे वळायला मोकळीक लागते.

कीड बघायची ती पानाच्या मागे आणि पेराच्या बेचक्यात. कापसाचे बोळे दिसले तर पिठ्या ढेकूण. पान निस्तेज आणि मागे बारीक जाळी दिसली तर कोळी कीड (माइट), ती कोरड्या उन्हाळ्यात येते. आधी नळाखाली वेल स्वच्छ धुवा. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. एकदाच फवारून सोडलं तर अंड्यांतून पुढची पिढी येते.

आठवी पायरी: एकीच्या चार करा

पावसाळ्याची सुरुवात यासाठी उत्तम. पानाच्या नुसत्या देठाला मुळं फुटली तरी त्यातून वेल होत नाही, पेर हवंच. पेराच्या बोटभर खाली कापा. तुकड्यावर एक-दोन पानं ठेवा आणि पेर पाण्यात, पान पाण्याबाहेर असं बाटलीत उभं करा. मनी प्लँट आणि फिलोडेंड्रॉनला दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. सिंडॅप्ससला जास्त वेळ लागतो, रोज उपसून बघू नका. मुळं दोन बोटं लांब झाली की मातीत लावा आणि पहिले दहा दिवस माती किंचित ओलसर ठेवा. जास्त झालेले तुकडे ओढ्याकाठी किंवा रानात फेकू नका. हवाई, फ्लोरिडा, श्रीलंका इथे अशाच फेकलेल्या मनी प्लँटने जंगलातली झाडं झाकून टाकली आहेत.

बाटलीतल्या पाण्याचं मात्र एक पथ्य कडक पाळा. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे पाणी आठवड्यातून एकदा, वार ठरवून बदलायचं. नुसतं ओतून भागत नाही, अंडी काचेला आतून चिकटलेली असतात. बाटली घासायची, मुळं नळाखाली धरायची. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी होतं. एका जुलैत महापालिकेचा कर्मचारी तपासणीला आला. टॉर्च घेऊन गॅलरीतल्या सहाही बाटल्या त्याने एकेक करून उजेडात धरल्या, काही न बोलता कागदावर खूण केली आणि निघताना विचारलं, “ताई, यातली ती चांदीवाली कुठली? एक तुकडा मिळेल का?” तुकडा दिला, कागदात गुंडाळून, आणि वर लिहून दिलं: सिंडॅप्सस, पाणी कमी.